व्हाया ब्रिंदिसी: पणजोबांच्या पाकिटावरचं गाव

प्रश्न असा होता: माहेरच्या जुन्या पेटीत १८७७ सालचं एक पाकीट सापडलं. पणजोबांचे थोरले भाऊ लंडनला शिकायला होते, त्यांनी पुण्याला घरी पाठवलेलं. डाव्या कोपऱ्यात वळणदार इंग्रजीत ‘व्हाया ब्रिंदिसी’ असं लिहिलंय. हे गाव कुठलं, पाकिटावर त्याचं काय काम, आणि सप्टेंबरात आम्ही दक्षिण इटलीला जातोच आहोत तर तिथे थांबावं का, की सगळे जातात तसं थेट लेच्चेला जावं?

ताई, आधी पाकिटाचं सांगतो. तिकीट सोलून काढू नका, टेप लावू नका, लॅमिनेशनच्या दुकानात तर अजिबात नेऊ नका. आता गावाकडे वळू. मुंबईच्या परदेशी टपालाची पाकिटं मी तीसेक वर्षं जमवतोय. पाकिटांवर हे नाव इतक्या वेळा वाचलं की शेवटी गाव बघायला गेलो, आणि एकदा गेलो तो चारदा गेलो. बायको म्हणते, लोक रोमला जातात आणि तुम्ही रोमचा रस्ता जिथे संपतो तिथे जाता. तिचं म्हणणं अक्षरशः खरं आहे, ते पुढे येईलच.

इटलीच्या बुटाची टाच बघा. टाचेच्या बाहेरच्या अंगाला, एड्रियाटिक समुद्रावर, पुलिया प्रांतात हे बंदर आहे. बारीहून रेल्वेने तासाभराच्या आसपास, लेच्चेहून त्याच्या निम्म्यात. लोकवस्ती ऐंशी हजारांच्या थोडी वर. तिथले लोक ‘ब्रिंदिझी’ म्हणतात, पहिल्या अक्षरावर जोर देऊन. इटालियनमध्ये पेला उंचावून शुभेच्छा देतात त्यालाही ‘ब्रिंदिझी’च म्हणतात, पण तो शब्द जर्मनमधून आलाय, त्याचा गावाशी संबंध नाही. हे सांगून ठेवतो, कारण तिथला प्रत्येक वेटर याच्या उलट सांगेल.

गावाचं सगळं नशीब त्याच्या बंदराच्या आकारात आहे. समुद्रातून आत शिरलं की आधी बाहेरचं बंदर, मग मधलं, मग एक अरुंद खिंड, आणि खिंडीपलीकडे पाण्याचे दोन हात डावी-उजवीकडे पसरलेले. मधल्या जमिनीवर जुनं गाव. वरून पाहिलं तर हरणाचं डोकं आणि दोन शिंगं. इथले मूळ रहिवासी मेसापी लोक. त्यांच्या भाषेत हरणाच्या डोक्याला ‘ब्रेन्तियोन’सारखा काहीतरी शब्द होता आणि त्यावरून गावाचं नाव पडलं, असं प्राचीन ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने लिहून ठेवलंय. आजही नगरपालिकेच्या चिन्हात हरणाचं डोकं आहे. बाहेर कितीही वादळ असो, आतल्या बंदरात पाणी शांत. पण आत यायची वाट एकच, आणि तीही चिंचोळी. ती उघडी असली की ब्रिंदिसी भरभराटीला येतं, बुजली की मरतं. दोन हजार वर्षांत हे एकदा नाही, पुन्हापुन्हा झालंय.

रोमनांनी हे बंदर इ.स.पू. तिसऱ्या शतकात घेतलं आणि २४४ साली तिथे आपली वसाहत बसवली. त्यांना पूर्वेकडे जायचं होतं: ग्रीस, मॅसिडोनिया, आशिया मायनर. आप्पियुस क्लाउदियुस याने इ.स.पू. ३१२ मध्ये रोमहून कापुआपर्यंत रस्ता बांधायला घेतला होता. तो ‘व्हिया आप्पिया’ वाढत वाढत ब्रिंदिसीला पोचला. पाचशे किलोमीटरहून जास्त. पुढे इ.स. १०९ मध्ये सम्राट त्रायानने बेनेव्हेन्तोहून किनाऱ्याच्या बाजूने आणखी एक सोपी वाट काढली, तीही इथेच येऊन मिळते. म्हणजे रोमहून पूर्वेला निघालेला सेनापती, व्यापारी, विद्यार्थी, हद्दपार झालेला पुढारी, सगळे याच धक्क्यावर यायचे. कवी होरेसने इ.स.पू. ३७ च्या सुमाराला केलेल्या अशाच एका प्रवासाचं वर्णन लिहिलंय: वाईट पाणी, बेडकांची डरावडराव, डासांचा त्रास. ते ब्रिंदिसीला येऊन एका ओळीत संपतं, कागदही संपला आणि रस्ताही. रोमचा नामवंत वक्ता आणि पुढारी सिसेरो हद्दपारीतून इ.स.पू. ५७ मध्ये परतला तो इथेच उतरला, आणि धक्क्यावर त्याची मुलगी तुलिया उभी होती. त्या दिवशी तिचा वाढदिवस होता आणि योगायोगाने वसाहतीचा स्थापनादिनही.

या रस्त्याचा एक धागा आपल्याकडेही येतो. व्हिया आप्पियाला जागतिक वारशाच्या यादीत घेण्याचा निर्णय जुलै २०२४ मध्ये झाला, आणि युनेस्को समितीची ती बैठक भरली होती नवी दिल्लीत.

रस्ता संपतो त्या जागी, बंदराकडे तोंड करून, पायऱ्यांच्या माथ्यावर एक रोमन स्तंभ उभा आहे. जवळपास १९ मीटर उंच. मूळचे दोन होते. एक १५२८ मध्ये कोसळला आणि त्याचे तुकडे शंभर-सव्वाशे वर्षं तिथेच पडून राहिले. मग १६५६ च्या प्लेगमधून आपण वाचलो ते संत ओरोंत्सोच्या कृपेने, असं लेच्चेच्या लोकांना वाटलं आणि त्यांनी संताच्या पुतळ्यासाठी ते तुकडे मागून नेले. लेच्चेच्या मुख्य चौकात ज्या खांबावर संत उभा आहे तो ब्रिंदिसीचा. ब्रिंदिसीकरांच्या मनात हा सल अजून आहे. कुठल्याही रिक्षास्टँडवरच्या स्थानिक अभिमानाला शोभेल असा. उरलेल्या स्तंभाचं मूळ शीर्ष, ज्यावर देवांच्या आणि शंख फुंकणाऱ्या जलदेवतांच्या मूर्ती कोरल्यात, ते हवेने झिजू नये म्हणून खाली आणून ग्रानाफेई-नेर्व्हेन्या वाड्यात ठेवलंय. तुम्ही वर बघता ती प्रतिकृती. मूळ शीर्ष डोळ्यांच्या पातळीवर पाहायला मिळतं, ते चुकवू नका. हे स्तंभ रस्त्याचा शेवट दाखवायला उभारले की जहाजांना खूण म्हणून, यावर अभ्यासकांचं एकमत नाही. मला विचाराल तर समुद्राकडून येताना ते जितके नेमके दिसतात तितके रस्त्याकडून दिसत नाहीत.

आता त्या खिंडीची पहिली मोठी गोष्ट. इ.स.पू. ४९. रोमच्या सत्तेसाठी ज्युलियस सीझर रुबिकॉन नदी ओलांडून आलाय आणि त्याचा प्रतिस्पर्धी पॉम्पी आपलं सैन्य घेऊन ब्रिंदिसीत अडकलाय, ग्रीसला पळायच्या तयारीत. सीझरकडे जहाजं नाहीत. मग त्याने बंदराच्या तोंडाशी दोन्ही काठांकडून पाण्यात भराव टाकायला सुरुवात केली आणि मध्ये जिथे पाणी खोल होतं तिथे तराफे नांगरून वर माती घातली. पॉम्पीने व्यापारी जहाजांवर बुरूज चढवून ते तराफे फोडायला पाठवले. नऊ दिवस हे चाललं. शेवटी भराव पुरा व्हायच्या आधी एका मार्चच्या रात्री पॉम्पी निसटला. शहरातल्या रस्त्यांत त्याने खंदक खणून, टोकदार खुंट पुरून ठेवले होते, म्हणून पाठलाग करणारे अडले. सीझरचं काम अर्धं राहिलं, पण पुढे अनेक शतकं ब्रिंदिसीत कुणाचं गलबत गाळात रुतलं की शिव्या सीझरलाच पडत.

कवी व्हर्जिल इ.स.पू. १९ मध्ये, २१ सप्टेंबरला, इथे वारला. ग्रीसमध्ये आजारी पडला होता, परतीचा समुद्रप्रवास सोसला नाही. महाकाव्याचं हस्तलिखित अपुरं होतं आणि ते जाळून टाका अशी त्याची इच्छा होती. सम्राट ऑगस्टसने ती मानली नाही. स्तंभाखालच्या पायऱ्यांना आज व्हर्जिलचं नाव आहे. त्याच्या समाधीलेखात म्हटलंय की मला ‘कालाब्रियाने’ ओढून नेलं. नकाशात आजचा कालाब्रिया बुटाच्या चवड्याला आहे, मग हे कसं? तर रोमन काळात कालाब्रिया म्हणजे ही टाच. पुढे बायझंटाइन म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या काळात नाव सरकून पलीकडच्या किनाऱ्यावर गेलं. गाईड मंडळी इथे हमखास गडबडतात.

मधली हजार वर्षं भराभर ओलांडतो. रोम खचल्यावर गाव ओस पडलं. स्तंभाच्या पायथ्यावर बायझंटाइन अधिकारी लुपुस याने शहर पुन्हा उभारल्याचा लेख आहे, तोही अर्धवट. १०७१ मध्ये नॉर्मन आले. मग धर्मयुद्धांचा काळ, आणि बंदर पुन्हा गजबजलं, कारण जेरुसलेमला जाणाऱ्यांना हीच वाट सोयीची. १२२५ च्या नोव्हेंबरात सम्राट दुसरा फ्रेडरिक आणि जेरुसलेमची किशोरवयीन राणी इझाबेला यांचं लग्न इथल्या कॅथेड्रलमध्ये लागलं. दोन वर्षांनी त्याची धर्मयुद्धाची फौज याच बंदरात उन्हाळ्यात गोळा झाली, साथ पसरली, माणसं पटापट मेली. फ्रेडरिक निघाला तसा आजारी पडून परतला, आणि पोपने त्याला बहिष्कृत केलं. बहिष्कार अंगावर घेऊनच तो १२२८ मध्ये पुन्हा इथून निघाला, आणि युद्ध न करता वाटाघाटी करून जेरुसलेम मिळवलं. त्याने बांधलेला किल्ला पश्चिमेच्या शिंगावर अजून आहे. तो नौदलाकडे आहे.

मग खिंड बुजली. या वेळी शत्रूने नाही, आपल्याच माणसाने बुजवली. पंधराव्या शतकाच्या मध्यावर तारान्तोचा राजपुत्र ओर्सिनी देल बाल्झो याला व्हेनिसच्या आरमाराची धास्ती वाटली. त्याने दगडांनी भरलेलं जहाज बंदराच्या तोंडात बुडवलं. शत्रू काही आला नाही. पण आतलं पाणी तुंबलं, गाळ साचला, दलदल झाली, आणि दलदलीबरोबर मलेरिया. पाठोपाठ १४५६ चा भूकंप. १४८० मध्ये तुर्कांनी शेजारचं ओत्रान्तो घेतल्यावर घाबरून बंदरासमोरच्या बेटावर लाल दगडाचा मोठा किल्ला बांधला गेला, पण त्याच्या मागचं बंदर कुजतच होतं. तीनशे वर्षं हे गाव म्हणजे हिवतापाने पिवळी पडलेली माणसं आणि शेवाळलेलं पाणी. १७४३ च्या भूकंपात कॅथेड्रलही गेलं. आज दिसतं ते त्यानंतरचं आहे, जुन्या ११७८ च्या मोझाइक फरशीचे तुकडे तेवढे आत शिल्लक आहेत.

१७७६ मध्ये नेपल्सच्या राजाने आंद्रेया पिगोनाती या अभियंत्याला पाठवलं. त्याने दोन वर्षांत खिंड उकरून काढली. पुढे ती परत गाळाने भरली, परत काढावी लागली, पण त्या कालव्याला नाव अजून त्याचंच आहे: कानाले पिगोनाती. ही खोदाई झाली नसती तर तुमच्या पाकिटावर ब्रिंदिसी आलंच नसतं.

आता तुमचं पाकीट. १८६५ मध्ये इटलीची पूर्व किनाऱ्याची रेल्वे ब्रिंदिसीपर्यंत पोचली. १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा उघडला. तोवर इंग्लंड-हिंदुस्थान टपालाची जलद वाट फ्रान्समधून, मार्सेल्स बंदरावरून होती. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशियाचं युद्ध पेटलं आणि ती वाट धोक्याची झाली. टपाल बेल्जियम, जर्मनी, ऑस्ट्रियातून आल्प्स ओलांडून इटलीत आणि तिथून ब्रिंदिसीला जाऊ लागलं. पुढच्या वर्षी आल्प्समधला माँ सेनीचा बोगदा खुला झाला, फ्रान्समध्ये शांतता आली, आणि कॅले बंदर ते ब्रिंदिसी अशी सलग रेल्वे मिळाली. नकाशा पाहिला तर लगेच लक्षात येतं: युरोपात रेल्वेने जितकं पूर्वेला आणि दक्षिणेला जाता येईल तितकं जायचं, आणि मगच बोटीत बसायचं. आगगाडी बोटीपेक्षा जलद, म्हणून जमिनीवरचा प्रत्येक मैल म्हणजे वाचलेला वेळ. इटालियन लोक याला ‘व्हालीजा देल्ले इंदिए’ म्हणत, हिंदुस्थानची थैली. १८७० ते १९१४ ती दर आठवड्याला ब्रिंदिसीतून गेली.

तुमच्या पाकिटाच्या काळात लंडनहून हिंदुस्थानला दोन दर असत. साउदॅम्प्टनवरून सबंध समुद्रमार्गे पाठवलं तर स्वस्त आणि संथ. युरोपच्या रेल्वेने ब्रिंदिसीमार्गे पाठवलं तर महाग आणि जलद. म्हणून पाठवणारा स्वतःच्या हाताने कोपऱ्यात मार्ग लिहायचा. तिकिटं जास्त लावायची आणि वर हे लिहायचं, म्हणजे टपालखात्यालाही कळलं. पणजोबांच्या भावाने जास्तीचे पैसे मोजलेत. विद्यार्थ्याच्या खिशातून ते जातात तेव्हा आत काहीतरी निकडीचं असतं, निदान त्याला तसं वाटलेलं असतं. पत्र शिल्लक असेल तर वाचून बघा.

पाकिटावर ब्रिंदिसीचा शिक्का शोधत बसू नका. पुष्कळ नवे संग्राहक शोधतात आणि मिळाला नाही की पाकीट बनावट समजतात. या थैल्या लंडनला बंद होत, मोहोर लागे, आणि इटलीत त्या कुणी उघडत नसे. गाडीतून उतरवून धक्क्यावर, धक्क्यावरून बोटीत. बरं, कालवा उघडा होता तरी १८७७ मध्ये ही थैली कालव्यातून गेलेली नाही. आगबोट कंपनीशी सरकारचं कंत्राटच असं होतं की टपाल अलेक्झांड्रियात उतरवायचं, इजिप्तच्या रेल्वेने सुएझला न्यायचं आणि तिथे दुसऱ्या बोटीवर चढवायचं. रिकामा कालवा शेजारी आणि थैल्या गाडीत, हा सरकारी कारभार १८८८ पर्यंत चालला. सुएझकडून मुंबईला येणाऱ्या बोटीवर मात्र थैल्या उघडायच्या. तिथे टपालखात्याचे कारकून बोटीवरच पत्रं निवडत बसलेले असत. त्या फिरत्या कचेरीला ‘सी पोस्ट ऑफिस’ म्हणत. मुंबईला बोट लागेपर्यंत पुण्याची पत्रं पुण्याच्या गठ्ठ्यात बांधून तयार.

हे सगळं चालू असताना ब्रिंदिसीला काय मिळालं? धक्क्यावर एक भलं मोठं हॉटेल झालं, ‘ग्रांद ओतेल देल्ले इंदिए ओरिएन्ताली’. मुंबईहून येणारे गोरे अधिकारी आणि राजेरजवाडे तिथे उतरत, पण जेमतेम एक रात्र. गाडी तयार असली तर तेवढीही नाही. नाव जगाच्या प्रत्येक वेळापत्रकात, आणि पैसा मात्र गावाबाहेरच्या आगबोट कंपनीकडे. मी तिथल्या जुन्या रस्त्यांवर फिरलोय. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या जागतिक वाहतुकीच्या मानाने गावात श्रीमंतीच्या खुणा फारच कमी दिसतात.

हिंदुस्थानी प्रवाशांपैकी एकाची नोंद सगळ्यांत बोलकी आहे. १८८८ च्या सप्टेंबरात ‘क्लाइड’ बोटीने मुंबईहून लंडनला निघालेला अठरा वर्षांचा मोहनदास गांधी इथे उतरला. त्याने लंडनच्या डायरीत लिहिलंय की गाव गॅसच्या दिव्यांनी उजळलं होतं आणि रेल्वे स्टेशन आपल्या बी.बी.सी.आय. रेल्वेच्या स्टेशनांइतकं देखणं नाही. आणि इशाराही दिलाय: माणूस काळा दिसला की धक्क्यावर दलाल येऊन कोवळ्या मुलीचं आमिष दाखवतो, त्याला ठामपणे नाही म्हणावं. बंदराच्या गावाचं इतकं सरळ वर्णन त्या काळच्या साहेबी प्रवासवर्णनांत सापडत नाही. पुढे १९३१ मध्ये दुसऱ्या गोलमेज परिषदेहून परतताना, १४ डिसेंबरला, त्याच ब्रिंदिसीतून गांधीजी ‘पिल्स्ना’ बोटीवर चढले. २८ तारखेला मुंबईत उतरले आणि नव्या वर्षाच्या चौथ्या दिवशी तुरुंगात गेले.

इटलीच्या या वाटेवरचा आपला दुसरा माणूस ब्रिंदिसीत नाही, फ्लॉरेन्समध्ये आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून मायदेशी परतताना, जर्मनी-ऑस्ट्रियामार्गे इटलीत आले आणि ३० नोव्हेंबर १८७० ला फ्लॉरेन्समध्ये वारले. विशीतलं वय. आर्नो आणि मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांचं दहन झालं आणि तिथे छत्री उभारली गेली. शेजारच्या पुलाला आजही ‘हिंदी माणसाचा पूल’ म्हणतात. तुमच्या दौऱ्यात फ्लॉरेन्स असेल तर कासीने बागेच्या टोकाला जाऊन या.

१८९८ मध्ये त्या आगबोट कंपनीच्या मोठ्या प्रवासी बोटी पुन्हा मार्सेल्सला थांबू लागल्या. ब्रिंदिसीला उरल्या ‘आयसिस’ आणि ‘ओसायरिस’ या दोन छोट्या, वेगवान बोटी. त्या थैल्या आणि घाईचे थोडे प्रवासी घेऊन पोर्ट सैदपर्यंत धावायच्या. तेव्हा लंडन-मुंबई टपालाला पंधरवड्याच्या आसपास लागे; तुमच्या पाकिटाच्या वेळी तीन आठवड्यांच्या आसपास. १९१४ ला महायुद्ध आलं आणि थैली बंद झाली ती कायमची. युद्धात बंदर नौदलाचं झालं. २७ सप्टेंबर १९१५ ला ‘बेनेदेत्तो ब्रिन’ ही युद्धनौका नांगरलेल्या जागीच स्फोट होऊन बुडाली, साडेचारशेच्या वर माणसं गेली. पलीकडच्या काठावर जहाजाच्या सुकाणूच्या आकाराचं ५३ मीटर उंच नाविक स्मारक आहे, ते १९३३ चं.

१९४३ मध्ये या गावाला एक विचित्र मान मिळाला. इटलीने शरणागती जाहीर केल्यावर राजा आणि पंतप्रधान बादोल्यो जर्मनांच्या तावडीतून सुटण्यासाठी रोम सोडून पळाले, बोटीत बसले आणि १० सप्टेंबरला ब्रिंदिसीला उतरले. इथे जर्मनही नव्हते आणि दोस्तांची फौजही अजून पोचली नव्हती. पुढचे पाच महिने इटलीची राजधानी म्हणजे ब्रिंदिसी. तिथले लोक हे अभिमानाने सांगतात, पण राजाविषयी विचारलं की खांदे उडवतात.

खरा अभिमान मात्र १९९१ चा आहे आणि तो रास्त आहे. ७ मार्चला अल्बानियाहून माणसांनी खचाखच भरलेली जहाजं बंदरात शिरली. दोन-तीन दिवसांत सुमारे २५ हजार माणसं उतरली, म्हणजे शहराच्या चौथ्या हिश्श्याहून जास्त. सरकारी यंत्रणा गोंधळलेली होती. थंडी, पाऊस, अंगावर धड कपडे नाहीत. लोकांनी शाळा आणि चर्च उघडली, घरातून पातेली भरून पास्ता नेला, कितीतरी जणांनी अनोळखी माणसांना थेट घरी नेऊन आंघोळ घातली. दोन हजार वर्षं इथून माणसं पूर्वेला जात होती. त्या आठवड्यात पूर्वच बंदरात उतरली. माझ्या दुसऱ्या फेरीत मी ज्या खानावळीत जेवत असे तिची मालकीण त्याच जहाजातून लहानपणी आलेली. हे तिने मला बिल देताना सांगितलं, अगदी सहज, हवापाण्याचं बोलावं तसं.

काळी बाजूही सांगायला हवी. १९५९-६० पासून गावाच्या दक्षिणेला प्रचंड पेट्रोकेमिकल कारखाना आला. नोकऱ्या आल्या, आणि प्रदूषणही. ८ डिसेंबर १९७७ च्या स्फोटात तीन कामगार गेले. मग चेरानो गावाजवळ २६४० मेगावॉटचं कोळशावरचं वीजकेंद्र. तो परिसर आज शुद्धीकरणाच्या राष्ट्रीय यादीत आहे. रेल्वेतून दक्षिणेकडे जाताना चिमण्या दिसतात आणि बरेच प्रवासी तेवढ्यावरच ‘औद्योगिक गाव’ म्हणून शिक्का मारून पुढे जातात. विमानतळाजवळ संयुक्त राष्ट्रांचं मदतसाहित्याचं कोठार आहे. भूकंप कुठेही होवो, तंबू आणि औषधं इथून निघतात. म्हणजे पूर्वेला थैल्या पाठवण्याचा जुना धंदा एका अर्थी सुरूच आहे.

तर थांबावं का? दोन रात्री थांबा. लेच्चे सुंदर आहे, पण लेच्चे तुमच्यासाठी सजून बसलेलं असतं. ब्रिंदिसी आपल्या कामात असतं. स्तंभाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसा. छोट्या प्रवासी होडीने पलीकडे कासालेला जा, नाविक स्मारकावरून हरणाची शिंगं नीट दिसतात. ‘व्हेर्दी’ नाट्यगृहाखाली रोमन वस्तीचे अवशेष आहेत. १९६४ मध्ये ते सापडले तेव्हा नाट्यगृहाची जागा बदलण्याऐवजी अख्खी इमारत खांबांवर उचलून बांधली. पुराणवस्तू संग्रहालयात १९९२ मध्ये समुद्रतळाशी मिळालेली ब्राँझची शिल्पं आहेत. सान जोव्हान्नी आल सेपोल्क्रो हे गोल, छोटं चर्च दुपारी बंद असतं, सकाळी जा. बेटावरच्या लाल किल्ल्यात जायला मिळेलच असं नाही, आधी चौकशी करा. सप्टेंबरच्या सुरुवातीला गेलात तर गावाच्या संतांची जत्रा असते आणि मूर्तींची मिरवणूक पाण्यातून निघते. कोळीवाड्यातली नारळीपौर्णिमा पाहिलेल्याला ती ओळखीची वाटेल.

शाकाहारी असाल तर काळजी नको. ‘फावे ए चिकोरिए’ मागवा: सोललेल्या बाकल्याच्या डाळीचं घट्ट पिठल्यासारखं वाटण आणि बाजूला कडसर पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल. ‘फ्रीसा’ म्हणजे दोनदा भाजलेला दगडासारखा कडक पाव. तो पाण्यात बुडवून, वर टोमॅटो चिरडून खातात. पूर्वी कोळी तो समुद्राच्या पाण्यातच बुडवत. न बुडवता चावलात तर दाताचा दवाखाना शोधावा लागेल.

निघण्याआधी एवढं करा. पाकिटावरचा लंडनचा शिक्का भिंगाखाली धरून तारीख वाचा आणि त्या तारखेला कोणता वार होता ते पाहा. ब्रिंदिसीची थैली लंडनहून शुक्रवारी संध्याकाळी निघत असे. वार शुक्रवारच निघाला तर त्याने शेवटच्या क्षणी धावत जाऊन पत्र टाकलंय. मग पाकीट उलटं करून मागचे शिक्के पाहा. ‘सी पोस्ट ऑफिस’ वाचता आलं तर त्याच्या शेजारी एखादं सुटं अक्षर असेल, ते बोटीवरच्या कारकुनांच्या तुकडीचं. शेवटी पुण्याचा शिक्का. दोन तारखांची वजाबाकी करा. तीन आठवड्यांच्या आसपास उत्तर आलं तर थैली वेळेवर आली होती. चार-पाच दिवस जास्त निघाले तर त्या खेपेला समुद्र खवळला होता, नाहीतर आल्प्समध्ये बर्फ पडलं होतं.